दोन परड्या

आमच्या भाषेत 'पान' हा शब्द जितकी कामे उपसतो तितकी दुसरा एखादा शब्द क्वचितच उपसत असेल. झाडाचे ते पान, पोथीचे ते पान, विड्याचे ते पान आणि जेवणाचेही पानच. 'पाने मांडली', 'पाने वाढली', 'चला, पानावर बसा' असे म्हणताना समोर स्टीलची ताटे असली तरी जिभेवर येते ते पान. केळीच्या पानावर आणि पत्रावळीवर पिढ्यान्‌पिढ्या जेवत आलेल्या समाजाची ही जुनी खूण आहे. मात्र पान वाढणे म्हणजे पानावर काहीतरी वाढणे, असाच अर्थ आम्ही आजवर धरून चाललो होतो. ज्याचे पान हेच जेवण, आणि ते पानही हिंडून, पारखून, वेचून आणावे लागते, असा एक जीव आम्हांस वयाच्या ४६ व्या वर्षी भेटला. तो होता खेकडा.

खेकडा म्हणताच आमच्या गोमंतकीय वाचकांच्या मनात कोणता विचार डोकावेल हे आम्ही जाणून आहोत. प्रथम तो आमच्याही मनात डोकावला होता. परंतु या खेकड्याचा आणि वाटणाचा काही संबंध नाही. हा बोटाच्या दोन पेरांएवढा प्राणी, दुसऱ्याने सोडलेल्या शंखात राहणारा आणि ते घर पाठीवर घेऊन चालणारा. इंग्रजीत त्याला 'हर्मिट', म्हणजे एकांतवासी, म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याच्या भूचर वंशाला दिलेले नाव 'सीनोबायटा'. त्याचा अर्थ मठात चारचौघांबरोबर राहणारा. दोन नावे एकमेकांविरुद्ध साक्ष देतात, आणि उलटतपासणीत टिकते ते दुसरे. आपल्या किनाऱ्यावर हे खेकडे घोळक्याने हिंडतात, घोळक्याने खातात. एकांतवास त्यांच्या वाट्याला येतो तो माणसाने उचलून पेटीत ठेवल्यावर.

आमची आणि त्याची गाठ पडली ती अमेरिकेत. २०२४ सालच्या भाद्रपदाच्या आरंभी वकिलीचा भार कनिष्ठ सहकाऱ्यांवर सोपवून आम्ही न्यू जर्सी राज्यात धाकट्या बहिणीच्या घरी सुमारे आठ आठवडे राहिलो. या राज्याचा अटलांटिक किनारा उन्हाळ्यात माणसांनी फुलून जातो. वाळूच्या कडेने लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता बांधलेला असतो आणि त्यावर खाऊची, खेळण्यांची दुकाने थाटलेली असतात. त्यांतच जाळीच्या पिंजऱ्यांतून हे शंखवासी खेकडे विकावयास ठेवतात. शंखांना भडक रंग दिलेला असतो. कोणावर फुटबॉल, कोणावर हसरा चेहरा. आमच्या दहा वर्षांच्या भाचीने त्या उन्हाळ्यात असे दोन खेकडे घरी आणले. विकणाऱ्याने बरोबर प्लॅस्टिकचा लहानसा डबा आणि कसल्याशा दाण्यांची पुडी दिली, आणि यांना फारसे काही लागत नाही असे सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांतला एक मेला.

मुलीने तो घरामागच्या ओकच्या झाडाखाली पुरला. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या खेकड्याकडे पाहत तिने आईला विचारले, "हो ताच्या घरा कितें खातालो?" हा आपल्या घरी काय खात होता, या प्रश्नापाशी सारे प्रकरण फिरले. ज्या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याने न विचारता द्यावयास हवे होते, तो एका मुलीने एका मरणानंतर विचारला. आम्ही पोहोचलो तेव्हा ती उत्तराच्या शोधात बरीच पुढे गेली होती. प्लॅस्टिकचा डबा जाऊन मोठी काचेची पेटी आली होती. तीत वीतभर ओलसर वाळू, एका वाटीत गोडे पाणी, दुसरीत खारे. न रंगविलेले चार-पाच शंख आणून ठेवताच तिसऱ्या रात्री खेकड्याने फुटबॉलचे घर टाकून साधे घर पत्करले होते. त्याचे नाव तिने 'शंखोबा' ठेवले होते, आणि त्याची पाठीवरून पुढे झुकलेली, डावी जांभळी नांगी दाराशी आडवी धरलेली मुद्रा पाहता त्या नावात आम्हांस काही अतिशयोक्ती वाटली नाही.

हे खेकडे न्यू जर्सीचे नव्हेत. त्यांचे मूळ कॅरिबियन समुद्रातील बेटांवर आणि फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाशी. ते जमिनीवर राहतात, पण श्वास घेतात तो कल्ल्यांवाटे. कल्ले ओलसर राहिले नाहीत तर कोरड्या हवेत हळूहळू गुदमरतात. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्ले प्रथम समुद्रात तरंगत वाढतात आणि मग इवलासा शंख शोधून किनाऱ्यावर येतात. हा सारा क्रम घरच्या पेटीत जुळविणे इतके अवघड आहे की दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कोणत्यातरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो. समुद्रालगतच्या झाडीत रात्री हिंडावे, गळून पडलेली पाने, कुजके लाकूड, फळे, फुले, भरतीने टाकलेले शेवाळ आणि क्वचित मेलेला मासा खावा, हा त्याचा मूळचा संसार.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी यांपैकी जे भक्तीने दिले जाईल ते आपण स्वीकारतो असे सांगितले आहे. आमच्या खेकड्याची यादी याच चार कलमांची. त्याला मासळीचे एक पोटकलम तेवढे जास्त आहे, आणि त्या पोटकलमामुळे तो आम्हा सारस्वतांस अधिकच जवळचा वाटला. फळ आणि मासळी घरात होतीच. फुलासाठी बहिणीच्या कुंडीत जास्वंद होती. प्रश्न होता पानाचा. कारण रोजच्या पोटापाण्याला लागणारे ते पान, आणि तेच नेमके बाजारात मिळत नाही.

अशा रीतीने आम्ही परडी घेऊन भाचीच्या मागून हिंडू लागलो. पान वेचणे हे दिसते तितके सोपे काम नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. देवपूजेसाठी पत्री आणणाऱ्या घरातील मुलांना त्याचे नियम दुधाबरोबर मिळतात. तुळस तिन्हीसांजेनंतर तोडू नये, द्वादशीला तोडू नये, नखाने खुडू नये. बेलाचे पान किडलेले, फाटलेले नसावे. दुसऱ्याच्या परसातले फूल विचारल्याशिवाय आणू नये. आमची आई हे नियम कारण न सांगता सांगत असे. भाचीचेही नियम होते, आणि तिच्याजवळ प्रत्येकाचे कारण होते. ज्या झाडाचे नाव ठाऊक नाही त्याचे पान घ्यावयाचे नाही. मोटारींच्या रस्त्याला लागून असलेले पान घ्यावयाचे नाही, कारण त्यावर धुराची पुटे असतात. ज्या हिरवळीवर लहानशी निशाणे रोवलेली दिसतील तिकडे फिरकावयाचे नाही. तेथे औषध फवारले आहे अशी ती सूचना असते, आणि किड्याला मारणारे औषध खेकड्यालाही ओळखते. पाइन, सीडर असली राळेची झाडे वर्ज्य. कुंपणाला लावतात ती 'यू' नावाची झुडपे आणि बागेतली अझेलिया विषारी, म्हणून वर्ज्य. एका झाडाखालचे सगळे उचलावयाचे नाही. आणि शक्यतो तोडावयाचे नाही, पडलेले घ्यावयाचे.

हा शेवटचा नियम ऐकून आम्हांस नवल वाटले. देवाला आपण पडलेले पान वाहत नाही. ताजे, निर्दोष, झाडावरून विनंतीपूर्वक घेतलेले वाहतो. येथे उलट होते. झाडाने स्वतः टाकलेले, पावसात भिजलेले, बुरशीने किंचित मऊ केलेले तपकिरी पान या प्राण्यास अधिक मानवते. जमिनीवरच्या त्या अदृश्य स्वयंपाकघरात पान अर्धे शिजलेले असते असे म्हणावयास हरकत नाही. भाची ती पाने घरी आणून धूत असे, सावलीत वाळवीत असे आणि कागदी पिशवीत भरून ठेवीत असे.

ओक हे आम्हांस आजवर कोकणस्थांतले एक आडनाव म्हणून परिचित होते. आता त्या नावाचे झाड पायाखालच्या पानावरून ओळखू लागलो. पांढऱ्या ओकच्या पानाचे लचके गोलसर, लाल ओकचे टोकदार. हा लाल ओक न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे. मॅपलचे पान पंजासारखे, बीचचे कागदासारखे पातळ. तुतीची पाने खेकड्याच्या विशेष आवडीची. ती मात्र एका शेजाऱ्याच्या आवारात होती, आणि शेजाऱ्याची परवानगी घेण्याचे काम वकील म्हणून आमच्याकडे आले.

एकदा ओढ्याच्या काठी एका खोडावर चढलेला वेल दिसला. देठाला तीन-तीन पाने, मधले किंचित लांब, काही पाने तांबूस होऊ लागलेली. परदेशात बेलाची आठवण करून देणारे काहीही दिसले की आपल्या माणसाचे पाऊल थबकते. भाचीने आम्ही जवळ जाण्याआधीच बजावले, "मामा, ताका हात लावपाचो न्हय." तो पॉयझन आयव्ही होता. त्याच्या रसाने अंगावर फोड येतात आणि आठवडे आठवडे खाज सुटते. या वेलाचे कुळ आंबा, काजू आणि बिब्बा यांचेच. काजूच्या टरफलाचे तेल लागून सोलवटलेली बोटे ज्यांनी गोव्यात पाहिली आहेत त्यांना या नातेवाइकाचा स्वभाव समजावून सांगण्याची गरज नाही. तीन पानांकडे पाहून हात जोडावे की हात आवरावे, हे झाड ओळखल्याशिवाय ठरत नाही. आणि ती ओळख आमच्यापेक्षा दहा वर्षांच्या मुलीस अधिक होती.

त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबर रोजी आली. गोव्यात असतो तर माटोळीसाठी रानातली फळे-पाने आणण्याच्या धांदलीत असतो. बहिणीच्या घरी माटोळी नव्हती, पण पत्रीचा तिचा आग्रह होता. २१ पत्रींपैकी तुळस, डाळिंब आणि जाई कुंड्यांतून मिळाली. दूर्वा फुटपाथच्या फटीतून मिळाल्या. धोतरा एका शेताच्या कडेला आपसूक उगवलेला सापडला. रुईच्या जागी तिच्याच कुळातले एक दुधी झुडूप मिळाले. कण्हेर एका ओळखीच्या बाईंनी कुंडीत लावून हिवाळ्यात घरात घेऊन जगविली होती. तिची चार पाने आली. जे मिळाले नाही त्याच्या जागी अक्षता. आमचे शास्त्र या बाबतीत मोठे समजूतदार आहे. जे नाही त्याऐवजी तांदळाचे चार दाणे भावपूर्वक वाहिले की देवाचे भागते. खेकड्याचे भागत नाही.

आदल्या संध्याकाळी ओट्यावर दोन परड्या शेजारी शेजारी होत्या. एकीत देवाची पत्री, दुसरीत शंखोबाची पाने. बहीण आमच्या आईच्या सुरात मुलीस म्हणाली, "देवाची परडी आपडपाची न्हय हां." मुलीने लगेच उत्तर दिले, "आनी शंखोबाची परडी देवान आपडपाची न्हय."

देवाची परडी कोणी शिवू नये हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. देवाने कोणाची परडी शिवू नये, हे प्रथमच ऐकले. बहिणीच्या कपाळावर आठी उमटली. पण मुलगी उद्धटपणा करीत नव्हती. ती शांतपणे एकेक पान दाखवू लागली. धोतरा विषारी. कण्हेर विषारी. दुधी झुडपाचा चीक विषारी. यांतले एक पान जरी चुकून इकडे पडले तरी शंखोबा मरेल. पाहता पाहता आमच्याही ध्यानात आले की २१ पत्रींच्या यादीत धोतरा, कण्हेर आणि रुई या तिन्ही विषारी वनस्पती आहेत, आणि देवदार हा राळेचा वृक्षही आहे. धोतरा तर शंकराचा आवडता. ज्याने हलाहल गळ्यात धरले त्याला आणि त्याच्या पुत्राला धोतऱ्याचे काय भय? देव विष पचवितो, म्हणून आपण त्याला विषही वाहू शकतो. जो पचवू शकत नाही त्याच्याबाबत मात्र वाहणाऱ्याने झाड ओळखलेच पाहिजे.

सोवळ्याचा हा उलटा प्रयोग आमच्या मनात घर करून राहिला. सोवळे म्हणजे श्रेष्ठाचे कनिष्ठापासून रक्षण, असे आपण समजतो. त्या ओट्यावर वेगळेपणा पाळावयाचा होता तो दुबळ्याच्या जिवासाठी. बहिणीने क्षणभर विचार केला आणि देवाची परडी स्वतः उचलून देवघरात नेली. मग हात धुऊन ती खेकड्याची पाने निवडावयास बसली. हात आधी धुतले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो; कारण एरवी ती हात धुते ते देवघरात जाण्यापूर्वी.

विसर्जनानंतर काही दिवसांनी शंखोबा दिसेनासा झाला. वाळूत एक खळगा दिसत होता, एवढेच. हे खेकडे वाढताना अंगावरचे कवच टाकतात. त्यासाठी वाळूत खोल शिरतात, कित्येक आठवडे तेथेच राहतात, टाकलेले कवच स्वतःच खातात आणि नवे कवच कठीण झाले म्हणजे वर येतात. या काळात उकरून पाहणे म्हणजे त्याला मारणे. आत जिवंत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. पहिल्याचे मरण पाहिलेल्या मुलीला ते न कळणे किती जड गेले असेल हे आम्ही पाहत होतो. तरी तिने एकदाही वाळूला बोट लावले नाही. दर दोन-तीन दिवसांनी ती एक पान धुऊन वाळूवर ठेवी, दोन्ही वाट्यांतले पाणी बदली आणि आधीचे, न खाल्लेले पान उचलून त्या ओकच्या मुळाशी नेऊन टाकी. कोणी शिकविले नसताना निर्माल्याची ही व्यवस्था तिला कशी सुचली, हा तिच्या आजीच्या रक्ताचा भाग असावा. गाभाऱ्याचा पडदा ओढून नैवेद्य दाखविताना आतल्याने जेवल्याचा पुरावा आपण मागत नाही. वकिलीत २० वर्षे काढलेल्या माणसास पुराव्याशिवाय वाढलेले ते पान रोज पाहावे लागत होते.

त्या दिवसांत आमच्या धंद्यातला एक जुना निवाडा वारंवार आठवे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील भाऊबंदांत कुलदेवतेच्या सेवेची पाळी होती. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी हलवून नेता येते काय, असा वाद पडला आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली निकाल झाला तो असा की मूर्ती ही कोणाची जंगम मिळकत नव्हे. तिने कोठे राहावे याबाबत तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती स्वतः बोलत नसल्यामुळे तिच्या वतीने बोलावयास भांडणाऱ्या पक्षांबाहेरचा निःस्वार्थी वादमित्र असला पाहिजे. आपल्या न्यायालयांनी देवतेला कायम अज्ञान, म्हणजे बालकासारखी, मानले आहे. तिची सेवा करणारा तिचा मालक नसतो. तो पालनकर्ता असतो, आणि त्याला हिशेब द्यावा लागतो.

प्राण्याच्या बाबतीत कायदा इतका पुढे गेलेला नाही, तरी अगदी मुकाही नाही. क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या आपल्या १९६० च्या कायद्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी अशी आहे. तीत हत्तीबरोबर खेकडाही बसतो. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या कल्याणासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे, असे कर्तव्य तो कायदा घालून देतो. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने तर साऱ्या प्राणिसृष्टीस कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरविले आणि त्या राज्यातील नागरिकांस तिचे पालक म्हटले. जपानने आपल्या भूचर शंखवासी खेकड्यांस १९७० सालीच राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले आहे. कलमे आणि निवाडे वाढत जावोत. पण कोणत्याही कलमाने पान वेचून आणता येत नाही. ते कोणीतरी उठून, वाकून, ओळखून आणावे लागते.

शंखोबाला परत पाठविता येणार नाही काय, असे मुलीने विचारले होते. उत्तर कठीण होते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सोडावे तर पहिल्याच थंडीत तो मरेल. त्याच्या समुद्राकडे न्यावे तर तो कोणत्या बेटावरचा हे कोणास सांगता येत नाही, आणि पेटीत राहिलेल्या प्राण्याबरोबर एखादा रोग तिकडे जाण्याचे भय. म्हणजे उचलून आणण्याची वाट होती, परतीची नाही. नीट निगा राखली तर हे खेकडे ३० वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. मुलीने बेरीज केली. "तेव्हा मी ४० वर्षांची असेन," ती म्हणाली. तिची आई काही बोलली नाही. ज्या घरात प्रत्येक वस्तू काही वर्षांनी बदलली जाते, तेथे ३० वर्षांची जबाबदारी एका परडीत येऊन बसली होती.

आम्हा गोमंतकीयांना उचलून नेलेल्या दैवतांची गोष्ट नवी नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ते नेणे वाचविण्यासाठी होते. खेकड्यांचे नेणे विकण्यासाठी असते. हा फरक आम्ही विसरत नाही. पण नेल्यानंतरचे कर्तव्य दोन्हीकडे एकच आहे. ज्यांनी देव नेला त्यांनी नव्या रानात बेल कोठे, दूर्वा कोठे, हेही शोधले. इन्क्विझिशनच्या काळात उघडपणे मूर्ती पुजणे जेथे अशक्य झाले तेथे काही घरांनी पत्रीचाच गणपती मांडला, आणि ती चाल काही कुटुंबांत आजही आहे. ज्याला आपण त्याच्या जागेवरून हलविले त्याची जागा आपण परत देऊ शकत नाही. त्या जागेची पाने तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचवू शकतो. आमच्या मते पाने वेचण्याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पुष्कळ आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या परतीला चार दिवस उरले असता एका सकाळी वाळूवरच्या पानाची चाळण झालेली दिसली. ओकच्या त्या पानाच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या, माशाच्या सांगाड्यासारख्या. मधला सारा भाग फस्त. पेटीच्या कोपऱ्यात, पूर्वीपेक्षा मोठ्या शंखात, नवी जांभळी नांगी दाराशी धरून शंखोबा बसला होता. मुलीने आरडाओरडा केला नाही. ती कितीतरी वेळ त्या शिरांकडे पाहत राहिली. मग तिने पिशवीतून दुसरे पान काढले, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, आयज दोन वाढुया."

आमच्या किनारपट्टीवरील वाचकांस दोन गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गोव्याच्या खडकांतील डबक्यांत जे शंखवासी खेकडे दिसतात ते बहुतेक समुद्राचे रहिवासी. घरी आणून पाने घातली म्हणून ते जगणार नाहीत, त्यांना तेथेच राहू द्यावे. दुसरे असे की वाळूवर पडलेला रिकामा शंख हा रिकामा नसतो. तो कोणाचे तरी पुढचे घर असतो. देवघरातला शंख एक पुरतो. सहलीहून येताना मुलांच्या खिशातले उरलेले शंख किनाऱ्यावरच ठेवून यावेत. आणि ज्यांच्या घरी परदेशात असा एखादा जीव आधीच येऊन राहिला असेल त्यांनी दुसरा विकत आणू नये, कारण विकला गेलेला प्रत्येक खेकडा पुढचा उचलण्यास आमंत्रण देतो. सांभाळणे जमत नाही म्हणून घरे शोधणारे पुष्कळ असतात, त्यांच्याकडून आणावा.

बहिणीने तसेच केले. मार्गशीर्षात तिचा फोन आला. शिक्षणासाठी दूर जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून शंखोबाला सोबती मिळाला आहे, आणि पानांच्या ११ पिशव्यांपैकी तीन संपल्या आहेत. वसंतापर्यंत पुरतील असा मुलीचा हिशेब आहे. स्वयंपाकघरात आता दोन खुंट्या ठोकल्या आहेत, एकमेकींपासून चांगल्या हातभर दूर. एकीवर देवाची परडी असते, दुसरीवर खेकड्यांची. सकाळी आधी कोणती उतरवावयाची यावर मायलेकींचे एकमत झालेले नाही. या प्रकरणी आमचा सल्ला अद्याप कोणी विचारलेला नाही.